‘लेडीज’ माउंटन बाइक: माप, सुटे भाग आणि किंमत

‘लेडीज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माउंटन बाइकमध्ये तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात: फ्रेमची मापे, सुटे भाग आणि किंमत. बारामतीच्या बाजारातल्या स्वस्त सायकलींत बहुतेकदा चौथीच गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे रंग. इंदापूरकडच्या गिऱ्हाइकाला जवळपास फारसे पर्याय नसल्याने त्याची अशी फसगत सहज होते.

बाईसाठी वेगळी फ्रेम हवी, हा विचार अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी धंद्यात आणला. १९८५ साली त्यांनी खास महिलांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या सायकलींचे पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान असे. त्यामुळे आडवी नळी आखूड ठेवता येई आणि ठेंगण्या बाईलाही हँडलसाठी ओणवे व्हावे लागत नसे. पुढे मोठ्या कंपन्यांनी ‘बायकांचे पाय लांब, धड आखूड’ असे गृहीत धरून स्वतंत्र मॉडेले काढली. शरीराची मापे मोठ्या संख्येने जमू लागली तेव्हा दिसले की, स्त्री-पुरुषांतल्या फरकापेक्षा दोन बायकांमधलाच फरक मोठा असतो. मग काहींनी वेगळी फ्रेम सोडून दिली. तैवानच्या जायंट कंपनीचा लिव्ह हा ब्रँड मात्र आजही महिलांसाठी वेगळी फ्रेम बनवतो. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे. पुरुषाच्या सायकलला जांभळा रंग देऊन वर ‘लेडीज’चा स्टिकर लावण्याला कसलाच युक्तिवाद नाही.

फ्रेमचे माप सीटच्या नळीवरून इंचांत सांगतात: १३, १५, १७. बसण्याच्या सोयीसाठी मात्र आडव्या नळीची लांबी, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर, जास्त महत्त्वाचे. ते जास्त झाले तर मान आणि तळहात दुखतात. सीट पुढे सरकवून हा दोष लपवला जातो; त्याने हात सुटतात, पण गुडघे धरतात. आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, बसवणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय. जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर नळी आणि अंग यांत दोन-तीन बोटे अंतर हवे. खूप खाली उतरलेली नळी साडी-पंजाबीला सोयीची असते. मात्र तेवढीच ताकद राखायची तर फ्रेम जड करावी लागते. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, सहसा १७० मिलिमीटरचा असतो. उंची कमी असेल तर १६५ किंवा त्याहून आखूड बरा. ब्रेकचा दांडा लहान हाताजवळ आणणारा एक छोटा स्क्रू बऱ्याच दांड्यांना असतो. दुकानात तो कोणी दाखवत नाही.

पुढचा शॉकअप हे सर्वांत मोठे ढोंग. स्वस्त फोर्कमधली, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यातली, स्प्रिंग जड स्वार धरून बसवलेली असते. पन्नास किलोची बाई बसली तर ती जेमतेम दबते, आणि बाई उगाच दोन किलोंहून जड लोखंड ढकलत राहते. वरची गुंडी फिरवून सुरुवातीचा दाब बदलतो, स्प्रिंग मऊ होत नाही. कमी पैशांत साधा, शॉकअप नसलेला फोर्क आणि चांगले ब्रेक घ्यावेत. मागचा शॉकअप तर त्या किमतीत घेऊच नये.

प्रस्तुत लेखिकेची सायकल या सगळ्याचा नमुना आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर आणि पाटाकडेच्या मुरमावर चालवायची, एवढी अपेक्षा दुकानात आधीच सांगितली होती. दुकानदार सगळा वेळ सोबत आलेल्या दिरांशी बोलत होता. ब्रेकबद्दल विचारले तेव्हा उत्तर आले, “ताई, लेडीजला डिस्क कशाला? कुठं डोंगर उतरायचाय?” फोर्क दबत नाही म्हटल्यावर, “रुळला की दबेल.” तो आजतागायत रुळलेला नाही. नणंदेच्या मुलाने त्याच कंपनीची ‘जेन्ट्स’ सायकल आणली, तेव्हा दोन्ही शेजारी उभ्या करून टेप लावली. नळी तेवढीच, क्रँक तेवढाच, हँडलही तेवढेच रुंद. त्याला डिस्क ब्रेक, हिला रिमवर घासणारे रबर. बिले काढली तर महाग ही निघाली.

जगाला हे नवे नाही. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ साली सुमारे ८०० वस्तू तपासल्या, तेव्हा बायकांसाठीच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग आढळल्या होत्या. म्हणून किंमत विचारताना त्याच कंपनीच्या पुरुषांच्या मॉडेलचे भाग ओळीने ताडून पाहावेत: फ्रेम लोखंडी की अॅल्युमिनियमची, ब्रेक कोणते, गिअर कोणते. ‘२१ गिअर’ हा आकडा दर्जाबद्दल काही सांगत नाही. क्रँकवरच्या चकत्या रिबीट मारून बसवलेल्या असतील, तर एक झिजली की अख्खा संच बदलावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या ११,२०० रुपयांच्या किमतीत तेवढ्यानेच ७०० रुपये कमी व्हायला हवेत. ती काही दुकानदाराने दिलेली सूट नव्हे.

बिल स्वतःच्याच नावावर घ्यावे. लेखिकेच्या खात्यातून पैसे गेले आणि बिल दिरांच्या नावे फाटले. वॉरंटीसाठी गेल्यावर ‘साहेबांना पाठवा’ हे ऐकावे लागले. बिलावर मॉडेल, माप आणि फ्रेमचा नंबर लिहून घ्यावा. हा नंबर बहुधा क्रँकचा आस बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गिऱ्हाईक स्वतः राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

ताब्यात घेताना फोर्क उलटा बसवलेला नाही ना, एवढे तरी पाहावे. खोक्यातून आलेली सायकल घाईत जोडताना ही चूक सर्रास होते. बाकी टायरचे. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे यांपुढे जाड टायरही टिकत नाही, म्हणून ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव्य भरून घ्यावे आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवावी. चाक २६, २७.५ की २९ इंची, हे ट्यूब घेताना सांगावे लागते. तालुक्याच्या गावी २७.५ची ट्यूब हमखास मिळेल असे धरून चालू नये.