लहरींचा लिलाव : मोबाईल कंपन्या स्पेक्ट्रम कसा मिळवतात?

दुकान थाटण्यापूर्वी व्यापाऱ्याला जागा पाहावी लागते. मोक्याच्या जागेची पागडी जास्त, गल्लीतल्या जागेची कमी. पागडीचा हा पैसा पहिले गिऱ्हाईक येण्याच्या आधीच गुंतलेला असतो आणि पुढे मालाच्या भावातूनच तो वसूल करावा लागतो. मोबाईल कंपन्यांच्या धंद्यातही अशीच एक पागडी असते. तिचे नाव स्पेक्ट्रम. आज किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांचे पैसे मोबाईलवर येतात, मालाच्या ऑर्डरी मोबाईलवर जातात. तेव्हा ही पागडी कोण ठरवतो, कशी ठरवतो आणि शेवटी ती कोणाच्या खिशातून जाते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

स्पेक्ट्रम म्हणजे काय?

वर्तमानपत्रांत स्पेक्ट्रमला अनेकदा ‘ध्वनिलहरी’ म्हटले जाते. ते बरोबर नाही. आवाजाच्या लहरी वेगळ्या आणि मोबाईलचा संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरी वेगळ्या. एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते त्यावरून तिची वारंवारता ठरते आणि ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. या वारंवारतांचा पट्टा म्हणजे स्पेक्ट्रम. एकाच भागात एकाच वारंवारतेवर दोन कंपन्या बोलू लागल्या तर दोघींचाही संदेश बिघडतो. म्हणून सरकार प्रत्येकीला वेगळा पट्टा नेमून देते.

पट्ट्यांचे गुण सारखे नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती भेदतात. कमी टॉवरमध्ये जास्त गावे व्यापतात. ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर असते, म्हणून इंटरनेटचा वेग मिळतो, पण लहर लवकर मंदावते आणि टॉवर जास्त लागतात. पहिला पट्टा लांब पल्ल्याच्या अरुंद रस्त्यासारखा, तर दुसरा शहरातल्या रुंद पण आखूड रस्त्यासारखा. शहाणी कंपनी दोन्ही घेते.

वाटपाच्या तीन पद्धती

आपल्या देशाने तिन्ही पद्धती अनुभवल्या आहेत. पहिली पद्धत अर्जदाराची ऐपत व अनुभव पाहून निवड करण्याची. १९९४ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता व चेन्नई या चार महानगरांसाठी प्रत्येकी दोन कंपन्या अशा निवडल्या गेल्या. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला फोन हा देशातला पहिला मोबाईल फोन मानला जातो. पुढे इतर विभागांसाठी परवाना शुल्काच्या बोल्या लागल्या. त्या इतक्या चढल्या की कंपन्यांना शुल्क भरणे कठीण झाले. अखेर १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली.

दुसरी पद्धत ‘प्रथम येईल त्यास प्रथम’. जानेवारी २००८ मध्ये ए. राजा दूरसंचारमंत्री असताना १२२ परवाने या तत्त्वावर दिले गेले. देशभराच्या परवान्याची किंमत २००१ सालचीच, म्हणजे १,६५८ कोटी रुपये ठेवण्यात आली. महालेखापालांनी २०१० च्या अहवालात सरकारचे संभाव्य नुकसान १.७६ लाख कोटी रुपयांपर्यंत दाखवले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात मात्र विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले आणि त्यावर पुढे अपील झाले.

तिसरी पद्धत जाहीर लिलावाची. मोबाईल सेवेसाठी आता तीच रूढ आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही लिलाव हाच नियम ठेवून संरक्षण, उपग्रह सेवा अशा काही कामांना त्यातून वगळले आहे.

लिलाव चालतो कसा?

लासलगावच्या बाजारात कांद्याच्या एका वाहनावर बोली लागते, सौदा तुटतो आणि व्यापारी पुढच्या वाहनाकडे वळतात. स्पेक्ट्रमचा लिलाव असा नसतो. देशाचे २२ विभाग पाडलेले आहेत. मुंबई हा स्वतंत्र विभाग, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. या सर्व विभागांचे पट्टे एकाच वेळी संगणकावर लिलावास लागतात.

आधी दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, राखीव किंमत सुचवते आणि सरकार ती ठरवते. कंपन्या अर्जासोबत बयाणा रक्कम भरतात. मग फेऱ्या सुरू होतात. ज्या विभागात मालापेक्षा मागणी जास्त, तिथली किंमत पुढच्या फेरीत वाढते. सुरुवातीला गप्प बसून शेवटी उडी मारता येत नाही; फेऱ्यांत सक्रिय न राहणाऱ्याचा बोलीचा हक्क कमी होत जातो. एकाही विभागात नवी बोली येत नाही तेव्हाच लिलाव संपतो.

या पद्धतीची आखणी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी केली. अमेरिकेने १९९४ साली ती प्रथम वापरली आणि लिलावशास्त्रातील कामाबद्दल दोघांना २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चढ्या बोलीचा भार

आपल्याकडे ३-जी चा लिलाव ९ एप्रिल २०१० रोजी सुरू झाला. तो ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. देशभराच्या एका पट्ट्याची राखीव किंमत ३,५०० कोटी होती, ती सुमारे १६,७५० कोटींवर गेली. एकट्या मुंबई विभागाची ३२० कोटींची राखीव किंमत सुमारे ३,२४७ कोटी झाली, म्हणजे दहापट! सरकारी कंपन्यांनी भरलेली रक्कम धरून तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी आले.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशोब करू. मुंबईच्या ३,२४७ कोटींना २० वर्षांनी भागले तर वर्षाला सुमारे १६२ कोटी होतात. हे नुसते लहरींचे. त्यावर कर्जाचे व्याज, टॉवर, वीज, पगार. ही रक्कम लिलावानंतर थोड्याच दिवसांत एकरकमी भरायची होती. त्या लिलावात रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरटेल आणि एअरसेल यांनी प्रत्येकी १३ विभाग जिंकले होते. दहा वर्षांच्या आत यांपैकी रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल दिवाळखोरीच्या कारवाईत गेल्या. त्यांच्या पतनामागे कर्ज, दरयुद्ध अशी अनेक कारणे होती. पण अंगावर पेलणार नाही एवढी गुंतवणूक हे त्यातले एक ठळक कारण होते, असे आम्हाला वाटते.

न विकला गेलेला माल

विक्रेत्यालाही या बाजाराने धडा दिला. २०१६ मध्ये सरकारने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये राखीव किमतीने काढला. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटी केली, तरी गिऱ्हाईक नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आली तेव्हा जिओने १० मेगाहर्ट्झ घेतला. भाव एक तृतीयांशावर आला आणि सहा वर्षे गेली ती वेगळीच. लहरी साठवून ठेवता येत नाहीत. काल न वापरलेली लहर आज विकता येत नाही. भाजीवाल्याला हे सांगावे लागत नाही.

२०२२ चा तो ५-जी लिलाव सात दिवस आणि ४० फेऱ्या चालला व सुमारे १,५०,१७३ कोटींच्या बोल्या लागल्या. त्यात जिओचा वाटा सुमारे ८८,०७८ कोटी, एअरटेलचा ४३,०८४ कोटी आणि व्होडाफोन आयडियाचा १८,७९९ कोटी होता. या वेळी रक्कम २० वार्षिक हप्त्यांत, व्याजासह भरण्याची सवलत होती. हप्त्यांची सोय चांगली, पण हप्ता चुकत नाही. व्होडाफोन आयडियाला सरकारी देणी पेलली नाहीत. २०२३ आणि २०२५ मध्ये त्यातली काही देणी शेअरमध्ये बदलून सरकारच त्या कंपनीचे सुमारे ४९ टक्क्यांचे भागधारक झाले.

लिलावाबाहेरची वाट

स्पेक्ट्रम दुसऱ्याकडूनही घेता येतो. ११ जून २०१० रोजी इन्फोटेल ब्रॉडबँड या लहान कंपनीने २२ ही विभागांत ब्रॉडबँडचा पट्टा सुमारे १२,८४८ कोटींना जिंकला आणि त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचे ९५ टक्के भाग घेण्याची घोषणा केली. हीच पुढे जिओ झाली. २०१५ पासून कंपन्यांना स्पेक्ट्रमची आपसात विक्री आणि सामायिक वापर करण्याची मुभा आहे.

आपण काय घ्यावे?

महाग स्पेक्ट्रमचा भार फक्त कंपनीवर राहतो असे नाही. कमकुवत कंपन्या गळतात, स्पर्धक थोडे उरतात आणि मग ग्राहकाला पर्याय राहत नाही. उलट फुकटात वाटले तर जनतेच्या मालकीची वस्तू ओळखीच्या लोकांच्या हाती जाते. म्हणून लिलाव उघडा असावा आणि राखीव किंमत माफक असावी, असे आमचे मत आहे.

लहान व्यापाऱ्यासाठीही तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बोलीला बसण्यापूर्वी आपली शेवटची रक्कम कागदावर लिहून ठेवावी आणि ईर्ष्येने ती ओलांडू नये. जागेच्या किमतीत भांडवल इतके अडकवू नये की माल भरायला पैसा उरणार नाही. आणि नाशवंत माल भावाच्या हट्टापायी दाबून ठेवू नये. मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारने हे धडे हजारो कोटी मोजून घेतले. आपल्याला ते वाचून घेता येतात.