जुन्या मालमोटारीचे इंजिन ओळखणे

गळीत हंगाम जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यात वापरलेल्या मालमोटारींच्या खरेदी-विक्रीस जोर येतो. ऊस वाहतुकीचा करार मिळावा म्हणून कित्येक शेतकरी एकट्याने किंवा भावकीत मिळून जुनी गाडी घेतात. टायर, पाटे, हौदा व रंग पाहिला जातो, इंजिन सुरू करून आवाज ऐकला जातो आणि सौदा ठरतो. परंतु गाडीत बसविलेले इंजिन नेमके कोणते, याची चौकशी बहुधा पहिला बिघाड झाल्यावर होते. पिस्टनचा संच मागविला जातो, तो बसत नाही. दुसरा मागवावा लागतो. तोवर तोडलेला ऊस गाडीत वाळत राहतो, त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात, आणि तोडणीची टोळी फडात बसून राहते. हे नुकसान टाळण्यास लागणारे ज्ञान फारसे अवघड नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते स्वतः समजून घ्यावे व सौदा होण्यापूर्वी शेतकऱ्यास सांगावे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गाडीच्या दर्शनी भागावर लिहिलेला क्रमांक गाडीचा असतो, इंजिनाचा नव्हे. टाटांच्या कारखान्याने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी 1954 मध्ये करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. तो करार 1969 मध्ये संपला, तरी नाव ठेवण्याची पद्धत पुढेही राहिली. 1613 या क्रमांकातील 16 हा आकडा भारासह एकूण वजन सुमारे 16 टन असल्याचे दाखवितो, आणि 13 हा आकडा शक्ती सुमारे 130 अश्वशक्ती असल्याचे. इंजिन कोणते, हे त्यात कोठेच नाही. याच 1613 नावाच्या गाड्यांत टाटांचे 697 आणि कमिन्सचे 6बीटी अशी दोन निरनिराळी इंजिने आढळतात. टाटा कमिन्स हा कारखाना जमशेदपूर येथे 1993 मध्ये स्थापन झाला. त्यानंतरच्या गाड्या घेताना हा फरक विशेष पाहावा, कारण या दोन इंजिनांचे पिस्टन, हेड, गॅसकेट परस्परांस चालत नाहीत.

टाटांच्या इंजिनांचे क्रमांक मात्र स्वतःच बोलके आहेत. पहिला आकडा सिलिंडरांची संख्या व पुढील दोन आकडे बोअरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. 692 म्हणजे 6 सिलिंडर व 92 मि.मी. बोअर, 697 म्हणजे 6 सिलिंडर व 97 मि.मी. बोअर, 497 म्हणजे 4 सिलिंडर व तोच 97 मि.मी. बोअर. पुढे टीसी ही अक्षरे असल्यास त्या इंजिनास टर्बो असतो. अशोक लेलँडच्या जुन्या इंजिनांची रीत निराळी आहे. तेथील 370 किंवा 400 हा आकडा सिलिंडरांचे एकूण घनफळ घनइंचांत दाखवितो. म्हणजे अनुक्रमे सुमारे 6.1 व 6.5 लीटर. एका कंपनीचा हिशेब दुसरीस लावल्यास घोटाळा होतो. लेलँडच्या 1980 च्या दशकानंतरच्या अनेक गाड्यांत जपानच्या हिनो कंपनीच्या तंत्रावर बनलेली इंजिने आली, त्यांचे सुटे भाग पुन्हा वेगळेच.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. तो तेल व मातीच्या थराखाली दडलेला असल्यास रॉकेल किंवा डिझेल व ब्रश घेऊन जागा स्वच्छ करावी. कानस किंवा ग्राइंडर मुळीच लावू नये. मग खडूची पूड चोळावी, म्हणजे खोलगट आकडे पांढरे उठून दिसतात. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरविल्यास क्रमांकाचा छापही मिळतो. येथे एक चूक वारंवार होते. ब्लॉकवर उठावदार अक्षरांतही काही आकडे असतात. शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीत ओतकाम पाहिलेल्या माणसास हे सांगावे लागणार नाही की, उठावदार आकडे साच्यातून येतात आणि त्या साच्याच्या प्रत्येक ब्लॉकवर तेच असतात. विशिष्ट इंजिनाची ओळख ठोकलेल्या, म्हणजे खोल, आकड्यांवरूनच पटते. कमिन्सच्या 6बीटी इंजिनास पुढील टायमिंग गिअरच्या पेटीवर माहितीची पाटी असते. डिझेल पंपावरील पाटीवर मात्र विसंबू नये; ती पंपाची असते, आणि पंप एका इंजिनावरून दुसऱ्यावर सहज जातो. आकडे वेडेवाकडे असतील, त्यांच्याखालचा पृष्ठभाग घासलेला असेल किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर सौदा थांबवावा.

क्रमांक वाचता येत नसेल तर पंपाकडून नोजलकडे जाणाऱ्या नळ्या मोजाव्यात. जितक्या नळ्या तितके सिलिंडर. चार असल्यास 697 चा प्रश्नच उरत नाही. सहा असल्यास 692 की 697, हे केवळ पाहून ठरविणे अनभिज्ञास कठीण. हेड उतरवून मोजण्याचा प्रसंग आलाच, तर बहुतेक मेस्त्री बोअर मोजून थांबतात. हे पुरेसे नाही. बोअर झिजतो, पुन्हा बोअरिंग केले की वाढतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होणारी चाल, क्रँकशाफ्टवर अवलंबून असते व बोअरिंगने बदलत नाही. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन अगदी वर व अगदी खाली आणावा आणि दोन्ही वेळी ब्लॉकच्या माथ्यापासूनचे अंतर मोजावे. फरक 120 मि.मी. आल्यास 692, आणि 128 मि.मी. आल्यास 697.

नोंदणी पुस्तकात सिलिंडरांची संख्या व घनफळही लिहिलेले असते, हे अनेकांच्या लक्षात नसते. 692 चे घनफळ 4,788, 697 चे 5,675, 497 चे 3,783 व कमिन्स 6बीटीचे 5,883 घन सेंटिमीटर. स्वतः पडताळावयाचे असल्यास बोअर व स्ट्रोक सेंटिमीटरमध्ये घेऊन बोअर × बोअर × स्ट्रोक × सिलिंडर × 0.785 असा गुणाकार करावा. 9.7 × 9.7 × 12.8 × 6 × 0.785 यांचा गुणाकार सुमारे 5,672 येतो. पुस्तकातील आकड्याशी असणारा किंचित फरक 0.785 हा आकडा तोकडा असल्यामुळे पडतो.

पुस्तक व इंजिन यांचा मेळ न बसणे ही केवळ सुट्या भागांची अडचण नव्हे. पुस्तकात नोंदणीच्या वेळचे इंजिन असते. मध्यंतरी मालकाने दुसरे बसविले असेल, तेही रीतसर विकत घेऊन. तरीही इंजिन बदलल्यास 14 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मालकावर आहे. अशी नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद उत्पन्न होतो, आणि चोरीच्या इंजिनाचा संशय आल्यास उत्तर द्यावे लागते ते गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यास. म्हणून पैसे देण्यापूर्वी चासी व इंजिन या दोहोंचे छाप घ्यावेत, ते नोंदणी पुस्तकाशी ताडावेत व फरक आढळल्यास इंजिन बदलल्याची पावती विक्रेत्याकडून मागावी. नोंद दुरुस्त करण्याचे काम प्रादेशिक परिवहन कार्यालयात विक्रेत्याच्या नावे असतानाच पुरे करून घ्यावे; हस्तांतरणानंतर विक्रेता त्यासाठी हेलपाटे घालील अशी अपेक्षा ठेवू नये. छापाचा एक कागद पुस्तकासोबत ठेवल्यास उद्यमनगरात सुटे भाग घेण्यास जाणाऱ्या माणसाच्या हाती तोच देता येतो.