खवल्या मांजर

खवल्या मांजर रात्री रानात फिरते. वाळवी आणि मुंग्या खाते. त्याला दात नाहीत. ते कुणाला चावत नाही. भ्याले की अंगाचा चेंडू करते. चोर तोच चेंडू उचलून पोत्यात घालतो!

लोक म्हणतात, खवल्यांत औषध आहे. हे खोटे आहे. आपली नखे तशीच ती खवले. नखे खाऊन कुणी बरे झाले आहे का?

मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. एक मादी मेली की वंश खुंटतो.

दादा, दलाल पैसे दाखवील. भुलू नका. १९७२च्या कायद्याने हा गुन्हा आहे. ३ ते ७ वर्षे कैद होते. दलाल पळेल, तुम्ही अडकाल. मागे घरच्यांनी काय खावे?

कुणी खवल्या मांजर धरले, तर महाराष्ट्राच्या वनखात्याला १९२६ वर फोन करा.