तंबू गळतो की घामेजतो?



गेल्या पावसाळ्यात पप्पांनी चौघांसाठी नवा तंबू आणला. ट्रिपच्या आधी आखाडा बाळापूरच्या घरी, अंगणातच एक रात्र झोपून बघितलं. रात्री पाऊस झाला आणि सकाळी सतरंजी ओली! दुकानदार फोनवर म्हणाला, "गळत नाही, तुमच्याच श्वासाची वाफ आहे ती." पप्पा म्हणाले, "जाऊ दे, वाद नको." पण पैसे त्यांच्या ओव्हरटाइमचे होते.

दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. माणसांच्या श्वासातलं बाष्प थंड कापडावर जमतंच. मग ओळखायचं कसं? तंबू वाळवला, आत कोणालाच जाऊ दिलं नाही, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि वरून झारीने वीस मिनिटं पाणी घातलं. श्वास नाही, तरी कागद भिजला, तोही एकाच शिवणीखाली. शिवताना सुईची भोकं पडतात, ती झाकायला आतून पट्टी चिकटवतात. तीच सुटली होती.

सीलर लावून घरीच दुरुस्त झालं असतं, पण मग "तुम्हीच बिघडवला" ऐकावं लागलं असतं! त्यामुळे आधी फोटो, बिल आणि लेखी तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे आम्हाला हिंगोलीला, दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. १९१५ ही हेल्पलाईनही आहे. पत्रात एवढंच लिहिलं. आठवड्याने दुसरा तंबू आला.

तोही आधी अंगणात भिजवला. झारी या वेळी पप्पांच्या हातात होती.