गॅस-गीझरच्या पोटात काय असते?

थंडीच्या दिवसांत सकाळी तुम्ही गरम पाण्याची तोटी उघडता. भिंतीवरच्या पेटीतून टक् टक् टक् असा आवाज येतो, भप्पकन ज्योत पेटते आणि थोड्याच वेळात हातावर ऊन पाणी पडू लागते. तोटी बंद केली की ज्योतही बंद! काडी नको, विजेची जोडणी नको. मग पाणी केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, हे त्या पेटीला कळते तरी कसे? दुरुस्तीसाठी मिस्त्री येऊन ती उघडतील तेव्हा शाळेची घाई नसेल, तर शेजारी उभे राहून जरूर पाहा.

‘गीझर’ हे नाव आइसलंडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून आले. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र बनवले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला ज्वलनातून निघणारे वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. ही उणीव लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

पेटीत शिरणारे पाणी एका अरुंद वाटेतून जाते. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो व दाब कमी होतो, हे बर्नोलीचे तत्त्व. या वाटेजवळ रबराचा एक गोल पडदा असतो. त्याच्या एका बाजूस नळाचा पुरा दाब, तर दुसऱ्या बाजूस अरुंद वाटेतला कमी दाब. पाणी वाहू लागताच पडदा कमी दाबाकडे सरकतो, एक दांडी ढकलतो आणि बटण दाबले जाते. पाणी थांबले की दोन्हीकडचे दाब सारखे होतात व स्प्रिंग पडद्याला मागे लोटते. काही वर्षांनी रबर कडक होते, चिरते, आणि मग तोटी पूर्ण उघडली तरी गीझर पेटत नाही. पण घाईने पडदा बदलू नये. पाणी आत येते तेथे एक जाळी असते. तीत वाळू अडकल्यानेही प्रवाह मंदावतो. आधी जाळी धुवावी, मग सेल बदलून पाहावेत, मग पडद्यावर संशय घ्यावा.

सेल म्हणजे दीड व्होल्टचे दोन. बटण दाबले गेले की त्यांच्यावर चालणारे मंडल ठिणग्या पाडते (तोच टक् टक् आवाज) आणि विद्युतचुंबकाने गॅसची झडप उघडते. आता ज्योत खरोखर पेटली की नाही, हे कोण पाहणार? ज्योतीत आयन असतात, म्हणून तिच्यातून अत्यल्प वीजप्रवाह वाहू शकतो. ज्योतीत धरलेली धातूची एक बारीक काडी हा प्रवाह टिपते. तो थांबला की झडप मिटते. काडीवर काजळी बसली तर ज्योत असूनही मंडलाला तिचा पत्ता लागत नाही आणि गीझर पेटतो न पेटतो तोच विझतो. मिस्त्री ती काडी पॉलिश कागदाने हलकेच घासतात. एवढ्याने काम भागते!

बर्नरच्या वर तांब्याची नळी आणि तिला जोडलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात. पट्ट्यांमुळे तापणारे क्षेत्रफळ वाढते. बोअरच्या जड पाण्यातून नळीच्या आत चुनखडीचा थर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. मिस्त्री हा थर सौम्य आम्लाने काढतात. तापल्या भांड्यातला पांढरा थर खरवडून त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे दिसतील. तो कार्बन डाय-ऑक्साइड.

पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला काजळी बसणे मात्र याहून वाईट. फटी बुजल्या की गरम वायूंना वर जायला वाट उरत नाही, त्यामुळे खालून ताजी हवा कमी येते, ज्वलन अपुरे होते आणि काजळी आणखी वाढते. निळी ज्योत पिवळी होते. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

पण बर्नर लखलखीत असला तरी काय होऊ शकते, ते गणितानेच पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला १५० किलोकॅलरी लागतात. वाया जाणारी उष्णता धरून गॅस जळतो सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे ८ लिटर वायू. त्याला सुमारे ४५ लिटर प्राणवायू हवा. आता १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच न्हाणीघर घ्या. त्यात हवा सुमारे ५२०० लिटर आणि प्राणवायू जेमतेम ११०० लिटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर दोन बादल्या भरेपर्यंत, म्हणजे पाचएक मिनिटांत, प्राणवायू २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास येतो! शिवाय जळलेले वायू तेथेच फिरून पुन्हा बर्नरकडे जातात. मॉनच्या यंत्राची उणीव ती हीच.

गंमत म्हणा की दुर्दैव, साध्या गीझरचे मंडल अशा वेळी गप्प राहते. पाणी वाहते आहे, ज्योत पेटलेली आहे, मग झडप मिटायची कशाला? खोलीतली हवा मोजणारा भागच त्यात नसतो. काही गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण आपल्या हिशेबात धोका त्याच्या बराच आधी सुरू झाला. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. तुमच्या घरी तो आतच असेल, तर आजच वडीलधाऱ्यांना हे गणित करून दाखवा. तो बाहेर हलेपर्यंत बादल्या दार उघडे ठेवून भराव्यात, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे.

जाळी, सेल आणि नळीवर छापलेली मुदत तपासणे, एवढे तुम्हाला करता येईल. जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. काडी ओढून मात्र कधीही पाहू नका. झडप, जेट आणि बर्नर ही मिस्त्रींची कामे. सिलिंडरऐवजी पाइपचा गॅस घरात आला तर जेटही बदलावे लागते, कारण दोन्ही वायूंची तेवढ्याच आकारमानातली उष्णता वेगळी असते.

आंघोळीनंतर कुणाचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, पायांतले बळ गेल्यासारखे वाटत असेल, तर त्याला थंडी बाधली म्हणून पांघरूण घालू नका. आतून हाकेला उत्तर आले नाही, तर लगेच दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना ‘गीझर चालू होता’ हे आधी सांगा.