वाटेवरचे श्रवण

सज्जनहो, आषाढी वारी जवळ आली की श्रोतेमंडळी आम्हांस नाना शंका विचारतात. एका तरुण वारकऱ्याची शंका प्रथम किरकोळ वाटली. पण विचार करता ती श्रवणभक्तीच्या मुळाशीच गेली. म्हणून या पाठात ती घेतली आहे.

तो म्हणाला, “महाराज, आळंदीपासून पंढरपूर म्हणजे सुमारे २५० किलोमीटरची चाल. मोबाइलवर अभंग लावून, कानांत इअरफोन घालून चाललो तर काय बिघडलं? कानात भजनच तर आहे!”

त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. ज्या घरांत वारीला निघण्याचे बळ कोणाच्या पायांत उरले नव्हते, तेथेही रेडिओने अभंग पोहोचविला. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पहाटेची भक्तिगीते म्हणजे घरबसल्या घडलेली वारीच. शिवाय लयीने पाय हलका पडतो, शीण विसरतो. आपल्या वाडवडिलांना हे का ठाऊक नव्हते? त्यांनीही टाळ-मृदंग वाटेवर आणलेच की!

मग भेद कोठे? तो पाहू.

भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो. त्यांत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. ही दोन्ही शेजारी आहेत, आणि दिंडीत तर ती एकमेकांचा हात धरून चालतात. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, मागे डोईवर तुळशी घेतलेल्या मायबहिणी. मी ऐकतो म्हणून म्हणतो. मी म्हणतो ते शेजाऱ्याचे श्रवण होते. दिवे घाटाच्या चढणीवर म्हाताऱ्या टाळकऱ्याला दम लागला, तर शेजारचे त्याच्यासाठी चाल संथ करतात. यंत्रातला गवई कितीही गोड गळ्याचा असो, तो तुमच्यासाठी थांबत नाही.

आता शब्दाकडे पाहा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्याच धातूपासून ‘शुश्रूषा’ हा शब्द होतो. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. पुढे त्याच शब्दाला सेवा हा अर्थ आला. आजाऱ्याची शुश्रूषा आपण म्हणतो ती हीच. ज्याला ऐकायची इच्छा आहे, त्याच्याच हातून सेवा घडते. व्याकरणाने एवढे मोठे तत्त्व एका शब्दात ठेवले आहे!

हे आम्ही पाठशाळेत घोकले होते; कळले मात्र वाटेवर. काही वर्षांपूर्वी आमच्या नातवाने आमच्या कैलासवासी गुरूंची जुनी कीर्तने मोबाइलवर भरून दिली. पुण्याहून सासवडच्या वाटेवर आम्ही दोन्ही कान बंद करून ती ऐकत चाललो होतो. डोळ्यांत पाणी आले होते, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात मागे आमचे एक वृद्ध सोबती भोवळ येऊन बसले. त्यांनी आम्हांस तीनदा हाक मारली. आम्ही चालतच राहिलो. दुसऱ्या दिंडीतल्या एका बाईने त्यांना पाणी पाजले. रात्री मुक्कामी ते एवढेच म्हणाले, “महाराज, हाक मारली होती; पण आपण कीर्तनात होता.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते, ती आठवा. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचेच टाळ वाजत राहतात; तिकडे जाऊन ते ऐकून घेतात. हरवले-सापडलेलेही तेथेच पुकारतात. हे आमचे जुने आकाशवाणी केंद्रच म्हणा ना! ते चालते, कारण सर्वांचे कान मोकळे असतात.

तेव्हा त्या तरुणास आम्ही सांगितले ते असे : बाळा, दिंडीत चालताना यंत्र पिशवीत ठेव. दिंडी सोडून मोकळा चालत असशील तर हवे ते ऐक. पण एक कान उघडा ठेव, आवाज बेताचा ठेव. मागून मोटार येते, म्हातारे माणूस वाट मागते. पहाटे पावसापाण्याची बातमी जरूर ऐक. रात्री राहुटीत गुरूंचे कीर्तन चार जण मिळून ऐका आणि मग त्यावर बोला. श्रवणाला मननाची जोड मिळेल. मात्र शेजारच्या दमलेल्या माणसाची झोप मोडेल एवढ्या मोठ्याने लावू नका.

तात्पर्य, ज्याने कान उघडतो ते श्रवण. ज्याने शेजाऱ्याची हाक बुडते, तो नामाचा असला तरी नुसता ध्वनी.

ते सोबती आज नाहीत. पण दिवे घाट लागला की आम्ही एकदा मागे वळून पाहतो. कोणी हाक मारली तर नाही ना?

रामकृष्ण हरी.