चाळीस रंग, एकच तार
(डीडब्ल्यूडीएम समजून घेताना)

ऑप्टिकल फायबरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "एकाच फायबरमध्ये चाळीस लेसरचा प्रकाश सोडला, तर तो एकमेकांत मिसळत का नाही?" मी लगेच ठोकून दिलं, "सर, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी असते." सर म्हणाले, "बरं. मग काय केलं म्हणजे मिसळेल?" इथे मात्र आपली बोलती बंद! बाहेर आल्यावर पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं. खरं इंजिनिअरिंग दुसऱ्या प्रश्नात आहे. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर.

१) मूळ कल्पना

फ्रिक्वेन्सी डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग आपण सगळेच शिकलो आहोत. हवेत अनेक रेडिओ स्टेशनं एकाच वेळी असतात, आणि आपला रिसीव्हर हवं तेच निवडतो. वेव्हलेंग्थ डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणजे हाच प्रकार, फक्त कॅरिअर प्रकाशाचा. डेन्स डब्ल्यूडीएममध्ये मुख्यतः १५३० ते १५६५ नॅनोमीटरचा सी-बँड वापरतात. चॅनल कुठे बसवायचे हे आयटीयूच्या जी.६९४.१ या शिफारशीत ठरवून दिलं आहे. १९३.१ टेराहर्ट्झ हा संदर्भबिंदू, आणि तिथून दोन्ही बाजूंना, उदाहरणार्थ, १०० गिगाहर्ट्झच्या अंतराने एकेक चॅनल. हे अंतर तरंगलांबीत मोजलं तर जेमतेम ०.८ नॅनोमीटर भरतं.

असे ४० चॅनल आणि प्रत्येकावर १० गिगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एका फायबरवर ४०० गिगाबिट. तेसुद्धा रस्ता पुन्हा न खोदता!

२) यंत्रणेत काय काय असतं?

ट्रान्सपॉन्डर : राऊटरकडून येणारा प्रकाश कुठल्याही साध्या लेसरचा असतो. ट्रान्सपॉन्डर त्याचं विद्युत संदेशात रूपांतर करतो आणि ग्रिडवरच्या नेमक्या तरंगलांबीच्या लेसरने पुन्हा पाठवतो. थोडक्यात, प्रत्येकाला ठरलेला रंग देणारा हा भाग.

मल्टिप्लेक्सर आणि डीमल्टिप्लेक्सर : यासाठी अॅरेड वेव्हगाईड ग्रेटिंग नावाची चिप वापरतात. तिच्यात अनेक वेव्हगाईड शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकाची लांबी आधीच्यापेक्षा ठरावीक मापाने जास्त असते. त्यामुळे तयार होणारा फेजमधला फरक प्रत्येक रंगासाठी वेगळा असतो, आणि प्रत्येक रंग वेगळ्या तोंडाशी एकवटतो. उलट बाजूने प्रकाश सोडला की तीच चिप मल्टिप्लेक्सर!

अॅड-ड्रॉप मल्टिप्लेक्सर : समजा मुंबई-नागपूर लिंक आहे आणि नाशिकला दोनच चॅनल उतरवायचे आहेत. बाकीचे ३८ न उघडता पुढे जाऊ द्यायचे, हे काम याचं. रोडॅममध्ये कुठला रंग उतरवायचा हे कंट्रोल रूममधून बदलता येतं.

३) खरा हिरो : अँप्लिफायर

आता हिशोब करू. १५५० नॅनोमीटरजवळ फायबरचा लॉस साधारण ०.२ डीबी प्रति किलोमीटर. १०० किलोमीटरला २० डीबी, म्हणजे प्रकाशाचा शंभरावा भागच उरला. पूर्वी अशा वेळी रीजनरेटर लावत : प्रकाशाचं विद्युत संदेशात रूपांतर, दुरुस्ती आणि पुन्हा प्रकाश. चाळीस चॅनल म्हटले की प्रत्येक ठिकाणी चाळीस रीजनरेटर. मग डब्ल्यूडीएमचा फायदा काय राहिला?

१९८६-८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि बेल लॅब्ज इथल्या संशोधनातून एर्बियम डोप्ड फायबर अँप्लिफायर पुढे आला आणि ही अडचण सुटली. काही मीटर फायबरमध्ये एर्बियमचे आयन मिसळलेले असतात. ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा पंप लेसर त्यांना वरच्या ऊर्जापातळीवर नेतो. सिग्नल जाताना ते खाली येतात आणि सिग्नलसारखाच फोटॉन सोडतात. हे नेमकं सी-बँडमध्ये घडतं, त्यामुळे चाळीसही चॅनल एकाच डब्यात, प्रकाशाच्या रूपातच मोठे होतात.

पण हा अँप्लिफायर सगळ्या रंगांना सारखं वाढवत नाही. एका टप्प्यात दोन चॅनलमध्ये १ डीबीचा फरक पडला, तर तशाच दहा टप्प्यांनंतर तो १० डीबी होतो. एक चॅनल दुसऱ्याच्या दहापट! म्हणून गेन फ्लॅटनिंग फिल्टर लावावा लागतो.

४) मग मिसळतात कधी?

पहिलं कारण तापमान. डीएफबी लेसरची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटरने सरकते. आपलं अंतर ०.८. म्हणजे लेसर आठ अंशांनी तापला की थेट शेजाऱ्याच्या घरात! त्यासाठी प्रत्येक लेसरला थर्मोइलेक्ट्रिक कूलर देतात. याउलट सीडब्ल्यूडीएममध्ये अंतर २० नॅनोमीटरचं असतं, म्हणून तिथे कूलर लागत नाही आणि यंत्रणा स्वस्त पडते.

दुसरं कारण जास्त मजेदार आहे : फोर वेव्ह मिक्सिंग. पॉवर वाढली की काच लिनिअर राहत नाही आणि नवीन फ्रिक्वेन्सी जन्मतात. १९३.१ आणि १९३.२ टेराहर्ट्झचे दोन चॅनल घ्या. दोन गुणिले १९३.२ वजा १९३.१ बरोबर १९३.३, म्हणजे बरोबर तिसऱ्या चॅनलची जागा!

गंमत पुढे आहे. डिस्पर्शन म्हणजे दोष, असं आपण जर्नलमध्ये लिहितो. तो १५५० ला शून्य करणारा जी.६५३ फायबर जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर टाकला गेला. एका चॅनलसाठी तो उत्तमच होता. पण डीडब्ल्यूडीएममध्ये सगळे रंग एकाच वेगाने, पावलाला पाऊल लावून चालू लागले आणि मिक्सिंग साठत गेलं. डिस्पर्शन असेल तर रंगांची पावलं जुळत नाहीत आणि ते साठत नाही. म्हणूनच पुढे जी.६५५ फायबर आला. त्यात थोडं डिस्पर्शन मुद्दाम ठेवलेलं असतं. आज कोहेरंट रिसीव्हर डिस्पर्शनचा हिशोब डीएसपी चिपमध्येच चुकता करतात, त्यामुळे साध्या जी.६५२ फायबरवरही एका चॅनलवर १०० गिगाबिट आणि त्याहून जास्त जातं.

तेव्हा मित्रांनो, ओरलला हा प्रश्न आलाच तर सांगा : "सर, लेसर तापला, पॉवर जास्त झाली किंवा डिस्पर्शन अगदीच शून्य झालं, तर गडबड होते." माझे मार्क गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत!

– बी. ई. (ई अँड टीसी)